बिकम, बिकेम आणि परत बिकम?

नौपाड्याची मावशी : भाचा आठवीत आहे, सेमी इंग्लिश. काल त्याच्या वहीतला क्रियापदांचा तक्ता बघितला. पहिल्या रकान्यात बिकम, दुसऱ्यात बिकेम. तिसऱ्यात आधी बिकम लिहिलेलं, मग खोडून बिकेम, त्यावर व्हाइटनर लावून बिकम्ड. कागद तेवढ्या जागी पापडासारखा कडक झालाय. म्हणतो, "पहिलं आणि तिसरं एकच कसं असेल? मग ओळखायचं कशावरून?" मी घोक म्हणून मोकळी झाले. पण खाली त्याचं वाक्य होतं : 'पालघर इज बिकेम अ डिस्ट्रिक्ट इन २०१४.' चुकलंय हे कळतं, का चुकलंय ते सांगता येईना. कोणी सांगेल का?

नेरूळकर : सोपं आहे. कम-केम-कमच्या कुळातलं ते. ओव्हरकमही तसंच, रन-रॅन-रनचीही चाल तीच. तिसरं रूप एकटं फिरत नाही, आधी हॅज, हॅव किंवा हॅड लागतंच, त्यावरून ओळखायचं. 'डिड नॉट'नंतर मात्र पहिलं रूप, 'डिड नॉट बिकेम' नाही. आणि वेलकम या घरातलं नाही बरं का! त्याचं वेलकम्डच होतं. मी शाळेत 'वी वेलकेम द चीफ गेस्ट' लिहून आलो होतो.

कोपरीच्या बाई (निवृत्त) : तक्ता पाठ होईल हो, खरी गोम त्या 'इज'मध्ये आहे. मुलगा मनात मराठीत बोलतोय : 'जिल्हा झाला आहे.' झाला म्हणजे बिकेम, आहे म्हणजे इज. दोन्ही शब्दांचं भाषांतर बरोबर, वाक्य चूक. आपल्याकडे 'आहे' जे काम करतं, ते इथे इंग्रजीत हॅव करतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तीस वर्षं वह्या तपासल्या, ही चूक ढ मुलं करतात असं मुळीच नाही. विचार करून लिहिणारी करतात, घोकणारी करत नाहीत.

आणि इंग्रजीला वाकडं म्हणण्याआधी आपलं होणे बघा. मी होतो, तो झाला, ती होईल. 'होतो'मधला 'झ' कुठे आहे? वर 'तो शिक्षक होता' आणि 'तो शिक्षक झाला' यांचे अर्थ निरनिराळे. पहिल्याला वॉज, दुसऱ्याला बिकेम. हे सगळं भाचा न अडखळता बोलतो की नाही? मग त्याला तिथूनच न्या.

मावशी : बाई, हे पटलं. मग 'पालघर हॅज बिकम अ डिस्ट्रिक्ट इन २०१४' असं करू?

कोपरीच्या बाई : नाही! वर्ष सांगितलंत की हॅज गेला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला, ती तारीख मागे पडली. तिथे साधं बिकेम. 'ठाणे बिकेम अ म्युनिसिपल कॉर्पोरेशन इन १९८२', हेही तसंच. तारीख न देता आजची स्थिती सांगायची असेल तर हॅज बिकम : 'घोडबंदर रोड हॅज बिकम व्हेरी क्राउडेड.' गर्दी झाली आणि अजून आहे. ती हटायचं लक्षण नाही, त्यामुळे हे उदाहरण बरीच वर्षं चालेल.

जुनं खोड : भाचा चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जन्मला असता तर अर्धे गुण मिळाले असते. कम, गो, ग्रो, बिकम अशा जाण्या-बदलण्याच्या क्रियापदांना तेव्हा इज सर्रास लागे. 'इज बिकम' शुद्ध होतं, 'इज बिकेम' नव्हे, म्हणून अर्धेच. पहिल्या अणुचाचणीची आठवण सांगताना ओपेनहायमरने गीतेच्या अकराव्या अध्यायातलं 'कालोऽस्मि' इंग्रजीत म्हटलं, ते 'आय ॲम बिकम डेथ'. ते हेच जुनं व्याकरण.

ऐरोलीवाला : जर्मनमध्ये बेकॉमेन म्हणजे मिळणे. दोन्ही शब्द सख्खे भाऊ, अर्थ लांब गेले. जुन्या इंग्रजीत बिकमचा अर्थ येऊन पोचणे असाही होता. आमच्या हापिसात एका जर्मन सहकाऱ्याची मेल आली होती, 'व्हेन डू आय बिकम द ड्रॉइंग्ज?' अख्खा मजला दोन दिवस एकमेकांना विचारत होता, तू ड्रॉइंग कधी होणार?

मंत्रालयातून सुटलेला : शोभणे हा अर्थ राहिला. 'दॅट कलर बिकम्स हर', तिला तो रंग खुलतो. आता असं फारसं कोणी बोलत नाही, पण नकारी रूप सरकारी कागदात ठणठणीत आहे. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांच्या इंग्रजी प्रतीत 'अनबिकमिंग' आहे, म्हणजे शासकीय कर्मचाऱ्याला न शोभणारं. नोटिशीत हा शब्द दिसला की भल्याभल्यांना घाम फुटतो.

नेरूळकर : जाता जाता. 'डॉक्टर बनायचंय' म्हणणाऱ्यांनी 'व्हायचंय' म्हणावं ही विनंती. बनणं हिंदीकडे झुकतं, आणि मराठीत बनवलं म्हटलं की फसवलं असंही होतं.

जुनं खोड : घर बनतं, रस्ता बनतो, तेव्हा कुठे जाता? इतकं सोवळं नको.

मावशी : सगळ्यांचे आभार. संध्याकाळी त्याला बसवलं. व्हाइटनर नखाने खरवडून त्याने बिकम लिहिलं आणि खाली नवं वाक्य : 'पालघर बिकेम अ डिस्ट्रिक्ट इन २०१४, सो ठाणे डिस्ट्रिक्ट हॅज बिकम स्मॉलर.' मी खूश. तेवढ्यात आतून ताई ओरडली, जेवण झालं का रे तुमचं? तर हा मला विचारतो, "मावशी, हे 'हॅज युवर डिनर बिकम' का?"

कोपरीच्या बाई : नाही म्हणावं. मुलगा झाला, लग्न झालं, उशीर झाला, जेवण झालं, यातल्या एकालाही बिकम चालत नाही. 'मुलगा इंजिनिअर झाला'ला चालतं. उद्या पाठवा त्याला माझ्याकडे, वही घेऊन.