मदत हवी आहे: किंग्ज गॅम्बिटमध्ये समोरच्याने डी६ खेळलं की पुढे काय करू?

नमस्कार मंडळी, बुद्धिबळातल्या जाणकारांची मदत हवीय. आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीत दरवर्षी स्पर्धा असते, १५-१५ मिनिटांचे डाव. गेली काही वर्षं मी पांढऱ्याने इटालियन ओपनिंगच (डावाची एक ठरलेली सुरुवात) खेळत आले, पण डाव फार शांत होतो आणि वेळ संपतो, म्हणून यंदा ठरवलंय की पहिल्यापासून अटॅक करायचा. ई४ ई५ एफ४, म्हणजे किंग्ज गॅम्बिट: एफचं प्यादं दुसऱ्याच चालीला बळी म्हणून पुढे करायचं आणि त्या बदल्यात अटॅक मिळवायचा. घरच्या पटावरचं एफचं प्यादं कधीचं हरवलंय, तिथे कॅरमची पांढरी सोंगटी ठेवतो, तीच आता दुसऱ्याच चालीला पुढे जाते :)

करी रोड ते ठाणे लोकलमध्ये मोबाईलवर रोज प्रॅक्टिस करते. तिथे बहुतेक जण प्यादं मारतात, मी घोडा एफ३, ते जी५, मी एच४, ते जी४, की घोडा ई५ला जाऊन बसतो आणि मजा येते. १९६०ला अर्जेंटिनात मार देल प्लाताच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर स्पास्कीने ग्रँडमास्टर फिशरला हरवलं तो डाव असाच होता, तो मी पटावर मांडून कितीतरी वेळा खेळलेय.

पण दुसऱ्या मजल्यावरचे काका जी५च्या आधी डी६ खेळतात. हरल्यावर फिशरने १९६१मध्ये लेख लिहून हीच चाल सुचवली होती म्हणे, म्हणजे काका वाचून आलेत. मग मी डी४, ते जी५, मी एच४, ते जी४, आणि आता डी६च्या प्याद्यामुळे माझ्या घोड्याला ई५ बंद. घोडा जी५ला नेऊन पाहिला तर त्यांनी एफ६ करून सरळ खाल्ला. जी१ला परत नेला तर त्यांचा उंट एच६ला येऊन एफ४चं प्यादं धरून बसतो, मी एका प्याद्याने मागे आणि माझा एकही मोहरा बाहेर नाही. घोडा परत नेणंच बरोबर आहे असं सगळीकडे सांगतात, सेंटर माझ्याकडे आहे हे मलाही दिसतं, पण त्या सेंटरचं पुढे करायचं काय हे कोणीच नीट सांगत नाही, आणि घड्याळ चालू असताना मला ते सुचत नाही.

की तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट सी४ला काढू? पुढे फिशर स्वतः पांढऱ्याने तेच खेळला, आणि जुन्या काळचा जर्मन खेळाडू अँडरसनचा १८५१चा अजरामर डावही त्यातलाच. पण वजीर एच४ला येऊन शह देतो, राजा एफ१ला सरकवावा लागतो आणि किल्लेकोट गेला. एवढ्या कमी वेळात ते झेपेल का?

व्हिएन्ना गॅम्बिट खेळ असंही एकाने सुचवलंय, आधी घोडा सी३ आणि मग एफ४. पण मनापासून सांगते, मला किंग्ज गॅम्बिट सोडायचं नाहीये.

जी१ला घोडा परत नेल्यावर पुढच्या चार-पाच चाली कोणी कारणांसकट लिहून द्याल का? काकांशी रविवारी परत बसायचंय.