शब्दचर्चा : ‘कामिकाकुशी’ला मराठीत काय म्हणावे?

पाटीपेन्सिल : आमच्या वाचनालयात सुट्टीत मुलांसाठी चित्रपटांची एक छोटी माहितीपुस्तिका काढतोय. त्यात जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ आहे, चिहिरो नावाची मुलगी आईबाबांबरोबर बोगद्यातून देवाभुतांच्या जगात जाते तो. इंग्रजी नाव तसंच छापायचं जिवावर येतंय, कारण मूळ जपानी नाव वेगळं आहे : ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’. शब्दशः ‘सेन आणि चिहिरोची कामिकाकुशी’. ‘कामि’ म्हणजे देव आणि ‘काकुशी’ म्हणजे दडवणं, इथवर कळलं. मराठीत नाव काय द्यावं?

गोमू : सरळ आहे की. ‘चिहिरोला देवानं नेलं’.

पाटीपेन्सिल : अहो गोमू, पोरं रडायला लागतील!

खडीसाखर : हीच तर गंमत आहे. आपल्याकडे ‘देवानं नेलं’, ‘देवाघरी गेली’ म्हटलं की विषय संपला, पुढे तेरावंच. ‘गुप्त झाले’ म्हणावं तर ते साधुपुरुषांसाठी राखीव, आणि तेही स्वतःच्या मर्जीनं. ‘अंतर्धान पावणे’ देवांचं. या सगळ्यांत माणूस जातो तो जातोच. कामिकाकुशीत परत यायला जागा आहे.

जपानी लोकसमजुतीत एखादं पोर किंवा बाई अचानक नाहीशी झाली की लोक म्हणत, देवानं किंवा तेंगू नावाच्या डोंगरातल्या भुतानं दडवलं. गाव शोधायला निघे. कधी माणूस सापडे, कधी नाही. लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओंनी इवाते प्रांतातल्या तोनो भागातल्या दंतकथा १९१० साली छापल्या, त्यात एक आहे. सामुतो गावची मुलगी नासपतीच्या झाडाखाली चपला सोडून नाहीशी होते. तीस वर्षांनी नातेवाईक जमलेले असताना थकलेली म्हातारी होऊन येते, तुम्हाला भेटावंसं वाटलं म्हणते आणि पुन्हा निघून जाते. त्या दिवशी सोसाट्याचा वारा होता. पुढे तसा वारा सुटला की गावकरी म्हणायचे, आज सामुतोची म्हातारी येणार.

चित्रपटातही शेवटी बोगद्याबाहेरची मोटार पाहा, धुळीनं आणि पानांनी भरलेली. आतली गोष्ट आपल्याला माहीत असते. बाहेरच्यांना एवढंच दिसलं असणार की एक कुटुंब गाडी सोडून नाहीसं झालं. त्याला म्हणतात कामिकाकुशी.

लगोरी : इंग्रजी नावातल्या क्रियापदाचा कोशातला अर्थ ‘गुपचूप पळवून नेणे’. म्हणजे मराठीत चक्क ‘लंपास’. ‘चिहिरो लंपास’ : वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर शोभेल. पण त्यांना ‘भूत-आत्मा’ हा दुसरा अर्थही त्याच शब्दात फुकट मिळालाय, तो आपल्याला मिळणार नाही.

खारावारा : आमच्या कोकणात ‘चकवा’ आहे ना! रात्री माणूस त्याच त्या पाणंदीत फिरत राहतो, उजाडलं की सुटतो. परत येण्याची अट पूर्ण.

खडीसाखर : चकवा जवळचा आहे, नाकारत नाही. पण चकव्यात माणूस वाट चुकतो, त्याला कुणी दडवून ठेवत नाही. शिवाय ‘सेन आणि चिहिरोचा चकवा’ म्हटलं तर या दोघींनीच कुणाला तरी चकवलं असं वाटेल. ‘चकवा लागणे’ला ‘ला’ लागतो, ‘चा’ चालत नाही.

पाटीपेन्सिल : मग ‘सेन आणि चिहिरो : देवांनी दडवलेल्या’?

लगोरी : थांबा, इथे मोठी अडचण आहे. ‘दडवलेल्या’ की ‘दडवलेली’? सेन आणि चिहिरो एकच मुलगी. त्या जगातल्या स्नानगृहाची मालकीण युबाबा करारावर सही घेते आणि चिहिरोच्या नावातली अक्षरं काढून एकच ठेवते, हजार या अर्थाचं. तेच अक्षर देशी उच्चारात ‘ची’, चिनी वळणानं ‘सेन’. जपानीत अनेकवचनाची सक्ती नाही, त्यामुळे नाव वाचून मुली दोन की एक हे कळत नाही. मराठीत ‘दडवलेल्या’ लिहिलंत तर खोटं, ‘दडवलेली’ लिहिलंत तर गुपित मुखपृष्ठावरच फुटलं. म्हणून नामच हवं. जपानी ‘नो’ आपल्या ‘चा-ची-चे’सारखाच दोन्ही नावांनंतर एकदाच येतो, तर ‘सेन आणि चिहिरोची देवदडी’ का नको? ‘दडी’ आपलीच आहे.

गोमू : पण दडी स्वतः मारतात. पाऊस मारतो तशी.

लगोरी : म्हणूनच आधी ‘देव’ जोडलाय. नवा शब्द आहे, थोडा खडखडणारच. दोन ओळींची टीप द्या.

खारावारा : जाता जाता, ‘चिहिरो’तला ‘हिरो’ म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं माप, सुमारे १.८ मीटर. आमचे मच्छीमार खोली मोजतात ती ‘वाव’. म्हणजे पोरीचं नाव ‘हजार वाव’, अथांग. टीपेत हे टाकाच.

पाटीपेन्सिल : टाकते. ‘देवदडी’ही ठेवते. खाली माहिती अशी : जपानमध्ये प्रदर्शित २० जुलै २००१, २००२ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार ‘सुवर्ण अस्वल’, विभागून, २००३ मध्ये ऑस्कर. जपानमधला कमाईचा विक्रम २०२० पर्यंत मोडला नाही. आपल्याकडे नेटफ्लिक्सवर मार्च २०२० मध्ये आला. एक प्रश्न उरतो : ‘युबाबा’ वाचून मुलं पुरुष समजतात.

खडीसाखर : ‘यु’ म्हणजे गरम पाणी, ‘बाबा’ म्हणजे म्हातारी. स्नानगृहाची मालकीण आहे ना.

खारावारा : राजापूरकडे गरम पाण्याच्या झऱ्यांना ‘उन्हाळे’ म्हणतात. ‘उन्हाळ्याची म्हातारी’ करा!

गोमू : सुट्टीतल्या पुस्तिकेत? मुलं म्हणतील मे महिन्यात येते.

पाटीपेन्सिल : युबाबाच ठेवते. नावापुढे ‘आजीबाई’ लिहीन.