विभागाच्या शेअर्ड सर्व्हरवर दोन-तीन दिवस चालणारी कामं कशी लावावीत?

बीजगणिती:
नमस्कार मंडळी. गणितात पीएचडी करतेय. विभागात सगळ्यांना मिळून एकच सर्व्हर आहे, ६४ कोअर, २५६ जीबी रॅम. स्लर्मसारखी, कामं पाळीने लावणारी रांग नाही, एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरायचं आणि काम सुरू करायचं. मला सिंग्युलर या बीजगणिताच्या प्रोग्रॅममध्ये ग्रोब्नर बेसिस (बहुपदींच्या संचाचं हाताळायला सोपं रूप) काढायच्या आहेत. बाकीच्यांना त्रास न होता कसं चालवू? शिवाय लॅपटॉप बंद केला की काम मरतं, त्याला उपाय?

पाई_३१४:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टीमक्स, लॉगिन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम. त्यात सिंग्युलर सुरू कर, कंट्रोल-बी दाब, मग डी. आता लॅपटॉप खुशाल मिटव. परत आलीस की 'टीमक्स अटॅच'. आणि काम नाइस १९ (सर्वांत कमी प्राधान्य) लावून सोड, म्हणजे इतरांना सीपीयू हवा असेल तेव्हा तुझं मागे सरेल.

सर्व्हरवाली:
नाइस जरूर लाव, पण त्यावर विसंबू नकोस. तो फक्त सीपीयूची पाळी ठरवतो, रॅमला हात लावत नाही, आणि ग्रोब्नरमध्ये खरी अडचण रॅमचीच. शेवटचं उत्तर चार ओळींचं असलं तरी मधल्या बहुपदी भयंकर फुगतात. परिमेय संख्यांवर काम असेल तर एकेका सहगुणकाचे अंश-छेद शेकडो अंकी होतात. रॅम संपली की लिनक्स स्वतःच एखादी प्रोसेस मारतो, बहुधा सर्वांत जास्त रॅम खाणारी. ती तुझीच असेल असं नाही, दुसऱ्या कुणाचं आठवडाभर चाललेलं काम जाऊ शकतं.

म्हणून आधी 'फ्री -एच' देऊन किती जागा आहे ते बघ. मग टीमक्समधल्या ज्या टर्मिनलमध्ये सिंग्युलर चालवणार, तिथे ते सुरू करण्याआधी रॅमची मर्यादा घाल: 'युलिमिट -व्ही ६७१०८८६४'. आकडा किलोबाइटमध्ये असतो, म्हणजे ६४ जीबी. मर्यादा ओलांडली तर पडेल ते फक्त तुझं काम.

त्याहूनही आधी त्याच बहुपदींची आयडियल ३२००३ या मूळ संख्येच्या मोड्युलो, म्हणजे सहगुणकांची फक्त बाकी ठेवून, चालवून बघ. तिथे सहगुणक फुगत नाहीत. तिथेच अडकलं तर परिमेयांवर दिवस घालवू नकोस, चलांचा क्रम किंवा मोनोमियल ऑर्डर (बहुपदीतली पदं लावायचा क्रम) बदल. आधी घात बघणाऱ्या डिग्रेव्हलेक्स क्रमाने सुरुवात करावी, लेक्स (शब्दकोशासारखा क्रम) बहुतेकदा जड जातो.

संख्याशास्त्री:
नमपाय (पायथनची गणिती लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी: मॅट्रिक्सचे गुणाकार न सांगता सगळे कोअर घेतात. ओएमपी_नम_थ्रेड्स (किती थ्रेड वापरायचे ते ठरवणारं सेटिंग) ४ किंवा ८ वर बांधून ठेवा.

बीजगणिती:
३२००३ वर उत्तर आलं! सगळ्यांचे मनापासून आभार. परिमेयांसाठी ६४ जीबी एकटीने घेतली तर चालेल?

सर्व्हरवाली:
चालेल, पण विभागाच्या ग्रुपवर आधी एक ओळ टाक: किती रॅम, कधीपर्यंत. आणि शुक्रवारी संध्याकाळी लाव, शनिवार-रविवारी सर्व्हर मोकळा असतो.