मदत हवी आहे: प्राण्यांच्या कायद्यासाठी आमदारांना निवेदन कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. आमच्या गल्लीतल्या एका कुत्रीवर कुणीतरी उकळतं पाणी टाकलं, पाठीची कातडी सोलून निघालीये बिचारीची, मलम लावताना अजूनही थरथरते. तक्रार द्यायला गेलो तर ऐकायला मिळालं की १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपयात आता दोन वडापाव येतात फार तर! भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे म्हणा, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, पण ते प्राणी मेला किंवा कायमचा अधू झाला तर.

प्राण्यांवरची क्रूरता हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यही दुरुस्ती करू शकतं, बैलगाडा शर्यतींसाठी २०१७ला महाराष्ट्राने केलीच की, मग दंड वाढवायला का नाही? राष्ट्रपतींची मंजुरी लागते हे माहितीये.

आम्ही काही जण आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात जाणार आहोत. कुणी आधी असं काम केलंय का? लक्षवेधी (म्हणजे आमदाराने सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) मागावी की थेट अशासकीय विधेयकाचाच (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेल्या विधेयकाचा) आग्रह धरावा? मला वाटतं आधी लक्षवेधी, निदान मंत्र्यांना सभागृहात उत्तर तरी द्यावं लागेल. सह्या सोसायटीच्या लेटरहेडवर घ्यायच्या की साध्या कागदावर चालतं? आणि निवेदनाचा चांगला मराठी नमुना असेल तर प्लीज पाठवा, अधिवेशनाच्या आधी द्यायचंय.