मदत हवी आहे : ॲजिलिटी (कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत) स्पर्धेआधी कुत्र्याला साहित्यावर सराव देता येतो का?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. आमची चंपा, मुधोळ जातीची, आता दोन वर्षांची झाली. तिला पुण्यातल्या स्पर्धेत उतरवायचं मनात आहे. एफसीआयच्या (कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत कुत्र्याचं वय किमान १८ महिने लागतं, तेवढं ती पूर्ण करते.

अडचण सी-सॉची आहे, म्हणजे कुत्र्याने चालत ओलांडायची वरखाली झुलणारी फळी. उड्या, टनेल, वीव्हचे (नागमोडी पळायचे) १२ खांब (६० सेंमी अंतरावर) हे सगळं मिरज रस्त्याकडच्या आमच्या मळ्यात बांबू-पाइप लावून पक्कं झालंय. सी-सॉ मात्र गावच्या सुताराकडून करून घेतलेला. खऱ्या सी-सॉची फळी वेगळ्या वेगाने खाली येते, आवाजही वेगळा. फळी जमिनीला टेकायच्या आत कुत्रं उतरलं की दोष धरतात. चंपा बिचारी आवाजाला फार दचकते, म्हणून जीव तुटतो.

नियम वाचला तर धावेआधी रिंगमध्ये फक्त माणसाने कुत्र्याशिवाय चालून मार्ग बघायचा, कुत्र्याला तिथे सराव नाही. सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून हे योग्यच आहे, असं मला वाटतं.

मग विचारायचं असं, की आपल्याकडच्या स्पर्धांत रिंगबाहेर सरावाची एखादी उडी ठेवतात का? आदल्या दिवशी मैदानावर सी-सॉ दाखवू देतात का, की तेही बाद ठरतं? आणि सातारा, सांगली किंवा कोल्हापुरात कुणाकडे मापाचा सी-सॉ असेल, तर एखाद्या रविवारी आम्ही दोघं येऊ का? भाडं द्यायची तयारी आहे.