सलाइन व्हॅलीचा रस्ता खराबच राहू द्या!

रानवाट:
परवा एका ओळखीच्यांनी विचारलं, "एवढी भारी जागा आहे तर तो रस्ता एकदाचा डांबरी का नाही करत? वीस-पंचवीस साइट आखायच्या, ऑनलाइन बुकिंग ठेवायचं, सगळ्यांची सोय!" तिथे हसून वेळ मारून नेली. पण डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कच्या वायव्य भागात, इन्यो पर्वताच्या पायथ्याशी सलाइन व्हॅली आहे आणि तिच्यात गरम पाण्याचे झरे आहेत. लोअर, पाम आणि अप्पर अशा तीन जागा. जायचं तर उत्तरेच्या खिंडीतून या, नाहीतर दक्षिणेला 190 नंबरच्या हायवेवरून आत वळा. कुठूनही आलात तरी तासन् तास कच्चा रस्ता. पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं. टायरची हवा 22-23 पौंडांवर आणली तरी डॅशबोर्ड खडखडत राहतो. पहिल्या खेपेला माझा मागचा टायर बाजूने फाटला. बाजूचा काप, म्हणजे पंक्चर किटचा काही उपयोग नाही. जॅक वाळूत रुतत होता, म्हणून खाली भाजी चिरायची लाकडी पाटी घातली. ती पाटी गेली, स्टेपनी चढली. झऱ्यांकडच्या फाट्यावर वटवाघळं रंगवलेला खांब आहे, तो हेडलाइटमध्ये दिसला तेव्हा मी गाडीत एकटाच ओरडलो.

आणि मग ते पाणी. रात्री गळ्यापर्यंत गरम पाण्यात, वर आकाशगंगा, लांबून गाढवांचं ओरडणं. मोबाइलला रेंज नाही, दुकान नाही, बुकिंग नाही. तंबू कुठे टाकायचा ते आपण बघायचं, प्यायचं पाणी आपण न्यायचं, कचरा आपण परत आणायचा. आदिम कॅम्पिंग म्हणतात ते हेच.

माझं म्हणणं एवढंच की तो खराब रस्ता हेच त्या जागेचं कुंपण आहे. ज्याला खरंच यायचं आहे तो तयारीने येतो. रस्ता गुळगुळीत केलात की दोन वर्षांत तिथे लाउडस्पीकर आणि फुटक्या बाटल्या दिसतील.

तिरकस:
लिहिलंय छान, पण "आदिम कॅम्पिंग" नेमकं कशाला म्हणताय? लोअर स्प्रिंग्सला सिमेंटचे टब आहेत, पाइपने खेळवलेलं पाणी आहे, शॉवर आहे, भांडी घासायची जागा आहे, पुस्तकांचं कपाट आहे. वाळवंटाच्या मधोमध हिरवीगार लॉन आहे. गोल्डफिशचं तळं आहे हो, गोल्डफिशचं! मासे काय इन्यो पर्वत चढून आले? हे आदिम असेल तर माझं अपार्टमेंटही आदिमच आहे, फक्त त्याला लॉन नाही.

दुसरं, खराब रस्ता चांगली माणसं निवडून पाठवतो हा गोड गैरसमज आहे. तो मोठे टायर, उंच गाडी आणि दोन स्टेपन्या परवडणारी माणसं निवडतो. गुडघे दुखणारी माझी सासू, जिला त्या पाण्याचा खरा उपयोग, ती कधीच पोचणार नाही. आणि डर्टबाइक घेऊन धुरळा उडवत येणारी टोळी मात्र हमखास पोचते.

खडूस_म्हातारा:
तिरकसराव, सिमेंट कुणी ओतलं ते सांगायचं राहिलं तुमचं. ते सरकारने बांधलेलं नाही. साठच्या दशकापासून तिथे येणाऱ्या लोकांनी स्वतःच्या गाडीत सिमेंटच्या गोण्या घालून ते टब बांधले. तेव्हा ती जमीन बीएलएमकडे, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याकडे होती. 1994 च्या कायद्याने डेथ व्हॅलीचं नॅशनल पार्क झालं तेव्हा सलाइन व्हॅली त्यात गेली. म्हणजे पार्क आलं तेव्हा टब तिथे होतेच.

मी तिथे एकदा सकाळी टब धुण्याच्या कामात होतो. बूच काढलं, पाणी उतरलं, आणि खाली शेवाळाचा असा बुळबुळीत थर की उभं राहता येईना. आम्ही चौघं गुडघ्यांवर, हातात ब्रश. साबण नाही, क्लोरीन नाही, नुसतं घासणं. मग परत पाणी सोडलं आणि टब भरेपर्यंत गप्पा मारत बसलो. माझ्या शेजारी घासणारा माणूस वकील होता की ट्रक ड्रायव्हर, मला अजून माहीत नाही. तिथे बरेच जण कपड्यांशिवायच असतात, आणि कपडे नसले की तेवढा फायदा असतो.

त्या जागेला कुणी मालक नाही म्हणून ती स्वच्छ आहे. बुकिंग आलं की लोक गिऱ्हाईक होतात, आणि गिऱ्हाईक टब घासत नाही, तक्रार करतं.

चंद्रकोर:
"कुणी मालक नाही" हे वाक्य जरा परत वाचा, काका.

तिंबिशा शोशोनी लोक त्या दरीत पिढ्यान् पिढ्या राहत होते. वाळवंटात झरा म्हणजे वस्तीच. त्यांची जमीन 1933 मध्ये डेथ व्हॅली नॅशनल मॉन्युमेंट झालं तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची होत गेली. 2000 मध्ये कायदा होऊन त्यांना काही हजार एकर परत मिळाले, त्यातले 314 एकर डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला. सलाइनचे झरे काही त्यांच्या ताब्यात आले नाहीत. आता त्या झऱ्यावर साठच्या दशकात कुणी तरी न विचारता सिमेंट ओतलं, आणि आज आपण त्याला "परंपरा" म्हणतोय. किती वर्षांची? साठ.

अप्पर स्प्रिंग बघितलाय का कुणी? तिथे टब नाहीत. गाढवं शिरू नयेत म्हणून कुंपण आहे आणि आत पाणी जसं येतं तसं आहे. मला तो सगळ्यात सुंदर वाटला, आणि तिथे पाय बुडवावासाही वाटला नाही. गाढवंही आपलीच देणगी, खाणवाल्यांनी आणली आणि सोडून गेले. तुम्हाला रात्री ज्यांचं ओरडणं रोमँटिक वाटलं, ती तिथलं गवत आणि पाण्याकाठची झुडपं फस्त करतात.

त्या दरीत "अस्पर्श निसर्ग" शोधणाऱ्यांनी मान वर करून बघावं. मिठागरापासून इन्यो पर्वत ओलांडून ओवेन्स लेकच्या काठापर्यंत साडेतेरा मैलांचा मिठाचा रोपवे होता, 1911 ते 1913 मध्ये बांधलेला. त्याचे लाकडी मनोरे अजून दिसतात.

रानवाट:
चंद्रकोरताई, तिंबिशांचा मुद्दा मी लिहायला हवा होता, राहिला. मान्य.

पण टब काढून काय होईल ते सांगा. 2018 मध्ये पार्क सर्व्हिसने झऱ्यांच्या व्यवस्थापनाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात टब काढून जागा पूर्ववत करायचा एक पर्यायही होता. कागदावर बरोबर. प्रत्यक्षात लोक यायचे थांबणार नाहीत. टब नसले की ते थेट उगमात उतरतील, फावड्याने खड्डे खणतील, दगड रचून बांध घालतील. आज निदान सगळी गर्दी चार-पाच सिमेंटच्या भांड्यांत बसते आणि उगमाचं पाणी स्वच्छ राहतं. तो टब म्हणजे झऱ्याची ढाल आहे असं मी म्हणेन.

गोल्डफिशबद्दल मात्र काही बोलत नाही. ते मलाही लाजिरवाणं वाटतं.

तिरकस:
लॉनबद्दल?

रानवाट:
लॉनवर मी दुपारी झोपलो होतो. त्यामुळे पास.

नवखी:
मी या फेब्रुवारीत पहिल्यांदा गेले, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. कपड्यांचा विषय आधी उरकते. आम्ही पोहण्याचे कपडे घालून गेलो, बाकी निम्मे लोक काहीच न घालता. दहा मिनिटं नवरा फक्त डोंगरांकडे बघत होता. मुलीने एकदा विचारलं, मी म्हटलं इथे चालतं, ती परत खेळायला लागली. विषय संपला.

माझी काळजी वेगळी आहे. मुलीला पाण्यात डोकं बुडवायचं होतं आणि एका आजींनी तिला ताबडतोब थांबवलं. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा असू शकतो, तो नाकातून मेंदूपर्यंत जातो आणि मग बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. पाणी पोटात गेल्याने हा आजार होत नाही, नाकात जाता कामा नये. हे मला कळलं ते त्या आजी तिथे होत्या म्हणून. नसत्या तर?

आणि समजा कुणाला काही झालंच. रेंज नाही, दवाखाना त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही तिथे आहोत हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. नाव नोंदवणारी साधी परवानगी असायला काय हरकत आहे? रस्ता नका करू, बुकिंग नका ठेवू, पण कोण आत गेलं आणि कधी परत येणार एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असावं.

खडूस_म्हातारा:
नवखी, सॅटेलाइट मेसेंजर घ्या, किंवा घरी कुणाला तरी तारीख सांगून निघा. जो पार्कच्या कागदावर विसंबून वाळवंटात जातो त्याने जाऊच नये. आज नाव नोंदवाल, उद्या शुल्क येईल, परवा कोटा. योसेमिटी पार्कात हाफ डोम नावाच्या कड्यावर चढायच्या केबलचं परमिट सुरुवातीला फक्त शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांचं होतं, पुढच्या वर्षी रोजचं झालं. आता लॉटरी.

चंद्रकोर:
काका, हाफ डोमच्या केबलवर माणसांची रांग लटकत होती म्हणून ते परमिट आलं. गंमत म्हणून नाही.

आणि नोंदीचा उपयोग तुम्हाला ऑगस्ट 2023 मध्ये कळला असता. हिलरी वादळात फर्नेस क्रीकला 20 तारखेला एका दिवसात 2.2 इंच पाऊस पडला, म्हणजे तिथला जवळजवळ वर्षभराचा. रस्ते वाहून गेले, अख्खं पार्क 15 ऑक्टोबरपर्यंत बंद होतं. अशा वेळी कुठल्या दरीत किती माणसं अडकलीत हे शोधणाऱ्याला काय सांगणार, वटवाघळाच्या खांबापासून पुढे हाका मारत जा?

तिरकस:
ऑगस्टमध्ये तिथे कोण जाईल म्हणा. पण हिवाळ्यातही उत्तरेची खिंड 7,000 फुटांवर आहे, बर्फाने बंद होते. नवखीचा मुद्दा पटला.

आणि रानवाट, "सोयी नकोत" म्हणताना एक विसरलात. तिथले संडास. ते भरतात, आणि ते उपसायला कुणाची तरी टाकीची गाडी त्याच पन्हाळी रस्त्यावरून येते आणि भरून परत जाते. तुमच्या कुंपणावरून, साहेब. त्या ड्रायव्हरला विचारा रस्ता खराबच राहू द्यायचा का.

रानवाट:
हा वार बसला. रस्ता डांबरी करायला माझा विरोध तसाच आहे, पण ग्रेडर फिरवून वर्षातून एकदोनदा पन्हाळी मोडली तर ओरडणार नाही. नाव नोंदवायलाही तयार आहे, पैसे आणि कोटा नसेल तोवर. बुकिंगला मात्र साफ नाही.

नोव्हेंबरात परत चाललोय. ताठ केसांचे दोन ब्रश नेतोय. तिरकसराव, तुमच्या गाडीला एकच स्टेपनी असली तरी चालेल, माझ्याकडे तीन आहेत. सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवू.

तिरकस:
सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, कपड्यांचं काय ते आधी सांग.