कालची मैत्रीण, आजची साहेब
'मित्रच हाताखाली आले तर काय करायचं' या प्रश्नाबद्दल. सॉफ्टवेअरच्या कामात टीम लीड झाले तेव्हा पहिले तीन महिने मी सगळ्यांचा कोड रात्री बसून स्वतःच दुरुस्त करायचे. वाटायचं, मदत करतेय. शेवटी एक ज्युनियर म्हणाला, "मग आम्ही शिकणार कधी?" तेव्हापासून चूक फक्त दाखवते, निस्तरायची ज्याची त्याने. हात शिवशिवतात अजून, पण रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर पडायच्या, आदल्या रात्रीचे फोन थांबले.

टपरीवरचा चहा सोडू नका. मात्र तिथे अप्रेझलचा, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाचा, विषय नको. तो बंद दाराआड, आणि वर्षअखेरीची वाट न बघता, दर पंधरवड्याला अर्धा तास.

जिवलग मैत्रिणीला रेटिंग कमी दिलं, तर ती महिनाभर डबा खायला आली नाही. त्यावर उपाय मलाही सापडलेला नाही.